कॉम्प्युटरचं कपाळ

माझी पोरगी हर्षदा रुखवतात कॉम्प्युटर मांडणार म्हणाली, तेव्हा मी कपाळाला हात लावला. आमच्या खानदेशात रुखवत म्हणजे शेवया, कुरडया, लोकरीचा ससा, मोत्यांचं तोरण आणि बायकांनी नावं ठेवावीत म्हणून एखादी वाकडी शिवलेली पिशवी. तिथं कॉम्प्युटर कुठं बसतो? बरं, तोही दुकानातून आयता आणायचा नाही. सुटे पार्ट आणून घरी जोडायचा.

"रुखवत स्वतःच्या हातचं पाहिजे, असं तूच म्हणतेस ना मम्मी? मग हा पण हातचाच."

हिला उत्तर देऊन कुणी जिंकलेलं नाही. मी तर जन्मदाती, मी रोज हरते.

हर्षदा साड्यांची डिझाइनं काढते, कॉम्प्युटरवर. आम्ही राहतो सुरतेत, ती तिथल्याच कतारगामला एका ऑफिसात जाते. सासरही कतारगामचंच मिळालं. तिचा होणारा नवरा योगराज तिथंच हिऱ्याच्या कारखान्यात लेझरच्या मशीनवर आहे. मुलगा गुणी आहे, फक्त बोलताना हसतो फार. लग्नानंतर घरी बसून काम करायचं, त्यासाठी स्वतःचं मशीन पाहिजे, असा तिचा हिशेब. भेस्तानच्या आमच्या दोन खोल्यांत मग खोकी यायला लागली. आधीच एका खोलीत माझ्या साड्यांचे गठ्ठे. मी घरी बसून साडीवर टिकल्या चिकटवायचं काम करते. एका कोपऱ्यात माझी गमची वाटी, टिकल्यांचे डबे आणि साड्या, दुसऱ्या कोपऱ्यात हिचे पंखे, पट्ट्या आणि वायरी. पाय ठेवायला जागा नव्हती. मी दिवसातून दहा वेळा ओरडायचे आणि ती दहा वेळा "हो हो" म्हणायची.

जोडायला बसली की प्रत्येक पार्ट उचलण्याआधी ती खिडकीच्या गजाला हात लावायची. मला वाटलं, पोरगी देवभोळी झाली, चांगलं आहे. मग कळलं की अंगातली वीज उतरवायला तसं करतात. म्हटलं, तुझ्या अंगात वीज आहे हे मला तू पोटात होतीस तेव्हापासून माहीत आहे.

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हर्षदाचे पप्पा काही वर्षांपूर्वी गेले. कापडाच्या लूमवरून घरी आले, पाणी मागितलं आणि पाणी आणेपर्यंत गेले. त्यानंतर कुणाच्या हळदीला, कुणाच्या ओटीला मी पुढं झाले नाही. मला कुणी नको म्हटलं नव्हतं. पण माझा स्वभाव असा की, कुणी दार लावून घेण्याआधी आपणच उंबऱ्यावरून परत फिरावं. बायका कुंकवाचा करंडा घेऊन उठल्या की मी स्वयंपाकघरात जाऊन भाजी हलवत बसायचे. भाजी हलवायची गरज असो नसो.

आणि लग्न ठरल्यापासून हर्षदाचा एकच धोशा होता. पहिली हळद मम्मी लावणार. मी नाही म्हटलं. ती रुसली. मी रागावले. तिनं दोन वेळा जेवण टाकलं आणि तिसऱ्या वेळी वरण-बट्टी केली म्हणून गुपचूप जेवली. हळदीचा विषय मात्र तिनं सोडला नाही.

उत्तरायण होऊन गेलं होतं, गल्लीतल्या तारांवर फाटके पतंग लटकत होते, कमुरता, म्हणजे लग्नाला वर्ज्य महिना, संपून लग्नांचे मांडव पडायला लागले होते. एका रविवारी तिचं मशीन जोडून झालं. काळा कुळकुळीत उभा डबा, एका बाजूला काच. ती लगेच चालू करायला निघाली. मी म्हटलं, थांब. नवं मशीन असं नागडं चालू करतात का? तुझे पप्पा दसऱ्याला लूमची पूजा केल्याशिवाय बटणाला हात लावू द्यायचे नाहीत.

"बरोबर," ती म्हणाली. "मग पूजा तू कर. कुंकू तू लाव."

"शोभाबाई येणार आहे ना कडोदऱ्याहून, ती लावेल." शोभाबाई म्हणजे माझी मोठी जाऊ. रीतभात म्हटलं की आमच्या घराण्यात तिच्यापुढं कुणी जात नाही.

"मोठ्या मम्मी दुपारी येणार. आणि कॉम्प्युटरच आहे मम्मी, त्याला कुठं सासू आहे नाव ठेवायला? तू लाव. नाही लावलंस तर मी चालूच नाही करणार, तसाच रुखवतात ठेवीन, मेलेला."

"शुभ बोल नाऱ्या," मी म्हटलं आणि उठले. खरं सांगते, मला लावावंसं वाटत होतं. पोरीनं स्वतःच्या कमाईनं, स्वतःच्या हातानं केलेली पहिली वस्तू. तिला माझं बोट लागावं असं कुठल्या आईला वाटणार नाही? घरात दुसरं कुणी नव्हतं. हर्षदा आंघोळीला गेली. मी दिवा लावला, वात सारखी केली, अगरबत्ती ओवाळली, नारळ समोर ठेवला.

कुंकू कुठं लावायचं, हा प्रश्न पडला. समोर वरच्या बाजूला एक गोल बटण होतं, रुपयाएवढं, भोवती चकचकीत कडी. मला ते त्याचं कपाळच वाटलं. तिथं कुंकू लावलं, तर गुळगुळीत प्लास्टिकवरून सगळं घसरून खाली. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. कुंकू गळणं चांगलं नाही. मग मी माझ्या पद्धतीनं लावलं. शेजारीच गमची वाटी होती. बोट बुडवलं, बटणावर ठिपका दिला, वर कुंकू, वर तांदळाचे दाणे, आणि तांदूळ बसेपर्यंत अंगठ्यानं दाबून धरलं. नेसून नेसून साडी विरेल पण टिकली निघणार नाही, असं माझं काम. कुंकू पडू देते की काय!

हर्षदा केस पुसत बाहेर आली, बघितलं आणि खूश झाली. "वा! बरोबर कपाळ शोधलंस."

ती चालू करणार एवढ्यात शेजारचे छगनकाका दारात आले. त्यांना आमच्या घरात नवं काय चाललंय याचा वास येतो. त्यांनी चोघडिया, म्हणजे दिवसातल्या शुभ-अशुभ वेळा, पाहिला आणि "अत्यारे नहीं बेटा, बपोरे लाभ छे" असं बजावून गेले. सुरतेत राहून लाभाचा चोघडिया कोण मोडतं? आम्ही दुपारची वाट बघत बसलो. कपाळावरचं कुंकू छान वाळलं.

दुपारी शोभाबाई आली, डब्यात भरीत घेऊन. आल्या आल्या तिनं मशीनला प्रदक्षिणा घातल्यासारखी एक फेरी मारली आणि बटणाकडं बोट करून आमच्या अहिराणीत विचारलं.

"कुकू कोनी लायं?"

"मम्मीनं," हर्षदा म्हणाली.

"हं," शोभाबाई म्हणाली.

एवढंच. पण त्या 'हं'चं काय करायचं ते मला कळेना. मी पदर सारखा केला आणि पाणी आणायला आत गेले.

लाभ लागला. हर्षदानं मागची वायर खोचली, भिंतीवरचं बटण दाबलं, मशीनच्या मागचं खटक्याचं बटण दाबलं. पुढच्या कपाळाला अजून तिनं हातही लावला नव्हता, तोच आतले पंखे फिरले आणि काचेआड निळा उजेड पडला.

"आपलं आपण चालू व्हयनं वं!" शोभाबाईनं टाळी वाजवली.

माझं ऊर भरून आलं. मनात म्हटलं, बघा, माझ्या हातानं लावलं आणि मशीन हाक मारायच्या आधीच उठलं. तेवढ्यात उजेड गेला. पंखे थांबले. हर्षदानं कपाळ दाबलं. काही नाही. वायर काढून पुन्हा लावली. परत तसंच झालं, जरा उजेड, जरा वारं आणि मग सगळं गार. तिनं कपाळ पुन्हा पुन्हा दाबलं. एक नाही की दोन नाही.

उजेड आला आणि गेला. मला पाण्याचा तांब्या आठवला, हातातच राहिलेला.

मी स्वयंपाकघरात गेले आणि भाजी हलवायला लागले. भाजी सकाळचीच होती, गॅससुद्धा पेटवलेला नव्हता. हर्षदा मागोमाग आली.

"मम्मी, मला माहीत आहे तुझ्या डोक्यात काय चाललंय. तसं काही नाही. नवीन जोडलेलं मशीन पहिल्यांदा चालू होतच नाही कधी कधी. एखादी वायर राहिली असेल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढंच."

"कावळा मीच ना?" मी म्हटलं. "तुले सांगेल व्हतं. मन्हा हात नको. तू ऐकस का?"

"मम्मी!"

"आते हळदनं नाव काढू नको. ज्याना हातनं मशीन चालत नही, त्याना हातनं संसार चाली का?"

ती रडायला आली होती, पण ती माझीच पोर, रडायच्या ऐवजी चिडली. पाय आपटत बाहेर गेली आणि मला आतून तिचं पेचकस खोक्यातून काढल्याचा आवाज आला. शोभाबाई माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या पाठीवर हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाली, "हळदना रोज मी लाई देसू. तू चिंता करू नको."

ती मायेनंच म्हणाली. तिच्या आवाजात दुसरं काही नव्हतं. पण इतकी वर्षं ज्या वाक्याला चुकवत मी मागच्या दारानं जात होते, ते शेवटी माझ्याच घरात येऊन माझ्या शेजारी बसलं. मी मान हलवली. माझ्या पोरीची पहिली हळद गेली, हे त्या मान हलवण्यात मी मान्य करून टाकलं. वाईट किती वाटलं ते सांगता यायचं नाही.

मग मी म्हटलं, निदान ते कुंकू तरी पुसून टाकू, म्हणजे शोभाबाई नव्यानं लावेल आणि पोरीचं मशीन सुरू होईल. ओलं फडकं घेतलं, बाहेर गेले आणि कपाळावर ठेवणार, तोच हर्षदा वाघिणीसारखी उठली.

"पुसायचं नाही! हात लावशील तर बघ!"

"अगं पण..."

"कुंकू तिथंच राहणार. मशीन चालो नाहीतर न चालो."

आईवर असं खेकसतात का? मीही चिडले, फडकं आपटलं आणि माझ्या साड्यांपुढं जाऊन बसले. शोभाबाईनं माझ्यासमोर बसकण मारली आणि न विचारता एक साडी ओढून टिकल्या लावायला घेतल्या. तिचं टिकल्यांचं काम म्हणजे देवाला काळजी. एक टिकली मोराच्या डोळ्यात, तर दुसरी त्याच्या चोचीबाहेर. एरवी मी तिच्या हातातून साडी ओढून घेतली असती, त्या दिवशी भांडायचं अंगात बळ नव्हतं.

हर्षदानं काच काढली. जमिनीवर चादर अंथरली आणि जोडलेला संसार एक एक करून उतरवायला लागली. खिडकीच्या गजाला हात, मग पार्टला हात. फोन डब्याला टेकवून ठेवला होता, त्यात योगराज होता. त्याला रविवारची सुट्टी, त्यामुळं तोही हजर. मला बघून "नमस्कार मम्मी" म्हणाला. मी "हं" म्हटलं. शोभाबाईचा हं मला चांगलाच लागला होता.

"मेमरीची पट्टी काढून परत बसव," योगराज म्हणाला.

"बसवली. दोन वेळा."

"प्रोसेसरची वरची वायर?"

"तीच आधी बघितली. मी येडी नाही."

"मी कुठं म्हटलं?" तो हसला. हिनं त्याच्यावर एक कटाक्ष टाकला आणि मला बरं वाटलं. माझ्यामागं याला वळणावर ठेवणारं कुणीतरी आहे.

मग तिनं वीज देणारा डबा, म्हणजे ज्यात मागची वायर जाते तो, एकटाच बाहेर काढला. एक तार वाकवून त्याच्या दोन भोकांत घातली आणि बटण दाबलं. त्याचा पंखा घरघरत फिरला आणि फिरतच राहिला.

"हा ठीक आहे," ती म्हणाली. "याचं पोट चांगलं आहे."

म्हणजे आजार दुसरीकडं. मी टिकल्या लावत होते, पण माझा एक डोळा तिकडंच होता. तिनं ती मोठी हिरवी पाटी, सगळे जिच्यावर बसतात ती, डब्यातून काढून तिच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवली. पुढच्या बटणाकडून येणाऱ्या बारीक वायरी उपटल्या. विजेची वायर जोडली.

"आता पिनांना पेचकस टेकव," योगराज फोनमधून म्हणाला.

"तेच करतेय. तू जरा गप्प बस ना." आणि तिनं पेचकसाचं टोक दोन बारक्या पिनांवर टेकवलं.

पंखा फिरला. उजेड आला. मी टिकली हातात धरून बघत राहिले. आता जाईल, आता जाईल. गेला नाही. शोभाबाईनंही काम थांबवलं. मशीन चालतच राहिलं, खोक्यावर, उघडं, नीट श्वास घेत असल्यासारखं.

"चालू व्हयनं," शोभाबाई पुटपुटली.

"म्हणजे सगळं चांगलं आहे," हर्षदा स्वतःशीच बोलत होती. "पाटी चांगली. वीज चांगली. मेमरी चांगली. मग उरलं काय? कॅबिनेट. कॅबिनेटमध्ये असतं काय? एक तर..."

ती थांबली. रिकाम्या डब्याकडं वळली आणि कपाळावर अंगठा ठेवून दाबलं. परत दाबलं. खालून नखानं उचकटायला बघितलं. मग वाकून, डोळा अगदी जवळ नेऊन बघितलं, नंतर नाक नेलं आणि वास घेतला. मी तिचा चेहरा बघत होते. आधी भुवया वर गेल्या, मग तोंड उघडलं, मग तिनं ते झटकन मिटलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. वायर ढिली होती."

"कोणती?"

"ही... पुढची."

खोटं बोलताना ती नाक ओढते. लहानपणी पेन्सिली चोरून खायची तेव्हापासूनची सवय.

"बघ," मी म्हटलं. "सगळ्या वायरी नीट बसल्या आणि मी जिथं बोट लावलं, तिथलीच ढिली झाली. शोभाबाईच लावेल हळद. माझं ठरलं."

हर्षदानं फोनकडं बघितलं. फोनमध्ये योगराजला काही कळेना. तिनं शोभाबाईकडं बघितलं. मग डोक्याला हात लावला.

"मम्मी, वायर ढिली नव्हती. तुला वाईट वाटेल म्हणून मी सांगत नव्हते."

"सांग आता."

"बटण आतच अडकून बसलंय. दाबलेलं. कॉम्प्युटरचं बटण सारखं दाबून धरलं ना, की तो बंद होतो, तसं बनवलेलंच असतं. म्हणून वीज लागली की आपोआप उठायचा आणि थोड्या वेळात झोपायचा. बिचाऱ्याला वाटत होतं, कुणीतरी दाबून धरलंय." तिनं कुंकवाकडं बोट केलं. "मम्मी, तू यात काय टाकलंस?"

मी माझ्या मांडीजवळच्या वाटीकडं बघितलं. तिनंही बघितलं. शोभाबाईनं आधी वाटीकडं, मग बटणाकडं, मग परत वाटीकडं बघितलं.

"गम?" शोभाबाई म्हणाली. "वं माय! कुकूमा गम?"

आणि ती हसायला लागली. शोभाबाईचं हसणं म्हणजे साधं नव्हे. आधी पोट हलतं, मग खांदे, आवाज सगळ्यात शेवटी येतो. आवाज आला तेव्हा तिच्या मांडीवरची टिकल्यांची डबी उलटी झाली. फोनमध्ये योगराज हसत होता, पण तो हसतोच. हर्षदा भिंतीला टेकून हसत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं. अख्खा कॉम्प्युटर चादरीवर उलगडून ठेवला, आणि दुखणं कपाळावर लाल रंगानं खूण करून दाखवलेलं.

मला हसू आलं नाही लगेच. मला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगते. मला वाटलं, मग माझा हात वाईट नाही. माझा गम चांगला आहे. कावळा बसला आणि फांदी तुटली अशी गाठच पडलेली नव्हती, कावळ्यानं स्वतः बसून फांदी चिकटवली होती. मीच केलं सगळं. पण नशिबानं नाही, हातानं केलं, आणि हातानं केलेलं हातानं सुटतं. हे डोक्यात उतरलं आणि मी रडायलाच लागले. मोठ्यानं, बायका माहेरी रडतात तशी.

हसणं एकदम बंद झालं. हर्षदा धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. "मम्मी, काही बिघडलं नाही गं. साफ होईल."

शोभाबाई टिकल्या ओलांडत आली आणि समोर बसली.

"आते काब्रं रडी ऱ्हायनी?"

"माले वाटनं मन्हा हात..."

"तुन्हा हातले काय धाड भरनी?" ती रागावली. खरंच रागावली. "हातले कोनी काय म्हनं कधी? मी म्हनं? तूच मांगे सरकनी. हळद उनी का तू भाजीकडे पळस. मी दरखेपे करंडा लिसन तुन्ही वाट देखस. तू येस का? आते तू हळदले नही म्हननी म्हनीसन मी म्हनं, मी लाई देसू. माले काय हौस शे का?"

"मग तो 'हं' कसला होता?" मी नाक पुसत विचारलं.

"कोनता हं?"

"कुंकू बघून म्हणालीस तो."

शोभाबाईनं आठवून बघितलं. "माले बरं वाटनं व्हतं. माले वाटनं, चला, हिनी एकदाना हात बाहेर काढा."

एका 'हं'वर मी अख्खी दुपार जाळली होती. तो राग कुणावर काढायचा तेही कळेना, म्हणून मी हर्षदावर काढला. "आणि तू! दुपारी मी ओलं फडकं घेऊन आले होते. तेव्हा पुसू दिलं असतंस तर गम तेव्हाच भिजून सुटला असता. वाघीण झाली मोठी!"

"कुंकू पुसू देणार नव्हते मी. आताही नाही देणार."

"मग बटण कसं सोडवणार?"

या वेळी मी जिंकले होते. आयुष्यात पहिल्यांदा. मी जरा वेळ त्याचा आनंद घेतला. मग गॅस पेटवला, वाटीभर पाणी कोमट केलं, निरांजनातली कोरी वात घेतली आणि पाण्यात बुडवून पिळली. मधल्या कुंकवाला धक्का न लावता फक्त कडेच्या फटीतून ती वात गोल फिरवली. पुन्हा बुडवली, पुन्हा फिरवली. मला माझा गम माहीत आहे, त्याला दटावून चालत नाही, थोडं थांबावं लागतं. हर्षदा श्वास धरून शेजारी बसली होती. शोभाबाई जमिनीवरच्या टिकल्या वेचत "झायं का? झायं का?" विचारत होती. योगराजला विसरूनच गेलो होतो, तो फोनमधून आम्हाला बघत बसला होता.

टक् असा बारीक आवाज आला आणि कपाळ वर आलं. वर कुंकू जसंच्या तसं, तांदळाच्या दाण्यांसकट.

हर्षदानं फट पुसली, सुकू दिली आणि पाटी, पट्ट्या, वायरी परत आत बसवल्या. तोपर्यंत बाहेर दिवे लागले होते. चोघडिया कोणता होता ते कुणी पाहिलं नाही. छगनकाका आले असते तर शोभाबाईनंच त्यांना भरीत देऊन दारातून परत पाठवलं असतं. वायर खोचली. या वेळी आपोआप काही झालं नाही. मशीन शहाण्यासारखं गप्प उभं होतं.

"दाब," हर्षदा म्हणाली.

"तू दाब. तुझं आहे."

"मम्मी, दाब."

मी दाबलं. टक्. पंखे फिरले, निळा उजेड आला. मी बोट तिथंच धरून ठेवलं होतं तर ती किंचाळली, "सोड, सोड, धरून नको ठेवू!" मी हात मागं घेतला. उजेड राहिला. जेवण झालं, भांडी झाली, शोभाबाई मुक्कामालाच राहिली, तरी उजेड होता. हर्षदा पडद्यावर मोर काढत बसली होती. शोभाबाईनं तिला मोराचा डोळा कुठं असतो ते विचारून घेतलं.

हळदीच्या दिवशी सोसायटीच्या मोकळ्या जागेत मांडव होता. भेस्तानच्या, कडोदऱ्याच्या सगळ्या बायका जमल्या. रुखवतात शेवया, कुरडया, लोकरीचा ससा, आणि मधोमध कॉम्प्युटर, कपाळावर कुंकू लावून. बायका बघून नावं ठेवत होत्या, म्हणजे त्यांना आवडला होता. हर्षदा पाटावर बसली. शोभाबाईनं हळदीची वाटी घेतली. सवयीनं माझा पाय स्वयंपाकाच्या चुलीकडं वळला, आणि तिनं ते पाहिलं.

"चाल वं," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "भाजी ती बाई हलाई ऱ्हायनी."

मी आले. बायकांत एक क्षण कुजबूज झाली, मग थांबली. मी वाटीत दोन्ही हात बुडवले. पाटावरून हर्षदानं वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर तिच्या बापाचं हसू होतं.

"मम्मी, यात गम नाही ना टाकलास?"

"टाकेल शे," मी म्हटलं. "तू सुटाले नको म्हनीसन."

आणि तिच्या दोन्ही गालांवर हळद लावून मी हात तसेच दाबून धरले, तांदूळ बसेपर्यंत धरतात तसे.